हिल्काचा अर्ज

फिनलंडमधल्या तुर्कूच्या आमच्या प्रयोगशाळेत हिल्का एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होती. पीएचडीला येणाऱ्या प्रत्येकाला समुद्रतळाचा गाळ काढायला तिनेच शिकवलं. त्रेपन्नाव्या वर्षी तिने स्वतःच पीएचडीच्या जागेसाठी अर्ज केला.

"या वयात माझ्या हाताखाली शिकणार?" प्राध्यापक तुओमेलांनी विचारलं.

"हाताखालीच तर आहे," ती म्हणाली.

मग तीन आठवडे तिचं कशात लक्ष लागेना. कॉफी ओतून प्यायला विसरायची, सारखी ईमेल उघडायची. जागा एका तरुणाला मिळाली आणि त्याला शिकवायचं काम तिलाच.

"स्वीडनमध्ये दुसरा अर्ज टाकलाय," ती मला म्हणाली. "हिथे आता बसवत नाही."

तिथे तिची निवड झाली. मार्चमध्ये ती गेली, पण स्वीडनला जाणाऱ्या बोटीवरून तिचा फोन आलाच. "त्या पोराला गाळाच्या नळ्या धुवायला सांग. विसरतो तो."