शांत घोडीला गुंगी

रूपाचा खालचा ओठ लोंबत होता आणि पाटीलसाहेब गेटमधून आत येत होते. घोडीची मान खाली. हाक मारली तर कानही हलवेना. तिचं तोंड हुंगलं. गूळ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नव्वदनंतरची गोष्ट. पलसाण्याजवळ एका तबेल्यात मी चाबूकस्वार होतो, म्हणजे कोऱ्या घोड्याला स्वारीसाठी तयार करणारा. रूपाला दोन वर्षं मीच घडवली. तिची चाल रवाल. घोडा भरभर चालतो, पण स्वाराला हिसका बसत नाही. तिच्यावर बसून मी चहा प्यायचो, थेंब सांडत नसे. पाटीलसाहेब मिलचे रिटायर मॅनेजर, कमरेचं ऑपरेशन झालेलं. कॅनॉलच्या कडेनं, उसातून फिरायला त्यांना अशीच घोडी हवी होती.

तबेल्याच्या मालकाला, शेठला, कोपऱ्यात गाठलं.

"गुळातून काय दिलंत तिला?"

"थोडी गुंगी की दवा. पार्टी के सामने बिदकी तो?"

"अहो, आजवर एकदा तरी बिदकली का ती?"

"भाऊ, धंदे में सब देते हैं. तू दिमाग मत खा."

भडकणारी घोडी औषध देऊन खपवायची याची जुनी खोड. तीच या गरीब गायीला लावली!

वळून बघतो तर साहेबांचा पाय रिकिबीत. मी धावत जाऊन लगाम धरला.

"साहेब, बसू नका. तिला औषध दिलंय. अडखळली तर तुमची कंबर जाईल. परवा या, शुद्धीवरची घोडी दाखवतो."

साहेबांनी पाय काढला. घोडीकडे बघत राहिले.

"परवा ती शांत दिसली, तर ती मुळात शांत की औषधानं, हे मी कसं ओळखू?"

ते गेले ते परत आलेच नाहीत. शेठनं मला त्याच दिवशी काढलं. गिऱ्हाईक तोडलं म्हणे. मी तोडलं?

रूपा गेली वरातीला घोडे देणाऱ्याकडे. दोनेक महिन्यांनी पर्वत पाटियाच्या नाक्यावर एका वरातीत दिसली. पाठीवर नवरदेव, कानाशी बँड, पायाशी फटाक्यांची माळ. एक पाऊल टाक, थांब. एक पाऊल टाक, थांब. त्यात कसली आलीय रवाल? पण बाई बिचकली नाही. मी गर्दीत घुसलो, तिचं तोंड हुंगलं. नुसत्या गवताचा वास.

खोटा माल खपवून हात बसलेल्याला खरा माल विकायला देऊ नये. तो आधी त्याला खोटा करतो.