मोराच्या ब्रोचमागची पिन

सर्व रसिक मायबाप, ग्रामस्थ, पाहुणे मंडळी, आणि देवळाच्या पायरीवर चपला ठेवून पुढे जाऊन बसलेले सज्जन — इकडे लक्ष द्यावे. एक अत्यंत महत्त्वाची सूचना. कशेळ्याच्या अलीकडच्या एका गावावर सलग अठरा वर्षं राज्य केलेल्या राणीसाहेब आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, आपला गुन्हा कबूल करणार आहेत. लहान मुलांना मांडीवर घ्यावे. मागच्यांनी खाली बसावे.

राणीसाहेब म्हणजे मी. वय चौपन्न. खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. मिशी आता आहे, त्या अठरा वर्षांत नव्हती.

ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. देवाला सांगितली असेन म्हणता? नाही. तो समोरच बसलेला होता, त्याने पाहिलंच आहे.

आमच्या गावच्या जत्रेत दर चैत्रात एकच नाटक होतं. गावातल्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं. कथा चार ओळींची: राजाच्या मनात कोणीतरी विष कालवतं, राजा राणीवर संशय घेतो, आणि शेवटच्या अंकात राणी एक शब्दही न बोलता अंगावरचे तीन ब्रोच एकेक करून काढते, राजाच्या ताटात ठेवते आणि निघून जाते. संपलं. आता तुम्ही म्हणाल, त्या काळातल्या राणीला ब्रोच कुठून आले? कर्जतच्या एका सरांनी हे मला तोंडावर विचारलं होतं. मी म्हटलं, सर, आमच्या राणीकडे आहेत, तुमच्या राणीचं तुम्ही बघा.

पंचविसाव्या वर्षी मी ती राणी झालो, कारण माझा आवाज बारीक होता आणि कंबर — हसू नका — होती. आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. नुसतं आवडलं नाही, मी त्यात राहायला गेलो. ते तीन ब्रोच म्हणजे माझं राज्य. एक पांढऱ्या खड्यांचा तारा, कर्जतच्या बाजारात कटलरीच्या दुकानात मिळालेला. एक मोत्यांची गोल चकती, मीच तुटलेल्या हारातून चिकटवून केलेली. आणि तिसरा मोर. हिरव्या-निळ्या मिन्याचा, पिसाऱ्यातले दोन खडे गेलेला. तो मंदाचा. मंदा म्हणजे माझी बायको. खालापूरकडची. लग्नात तिच्या आईने स्वतःच्या पदराचा काढून तिच्या पदराला लावलेला. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला मी तो मागून घेतला. परत केला? छे. राणी कधी काही परत करते का?

ब्रोच कसे लावावेत याचं मी शास्त्रच केलं होतं. डाव्या खांद्यावर तिरक्या रांगेत, मोर सगळ्यात वर, गळ्याशी. कधीही सरळ नाही, किंचित कलते, म्हणजे दिव्याचा उजेड पकडतात. आणि हुकूम सोडायच्या आधी दोन बोटं मोराला लावायची. बोटं वर गेली की अख्ख्या गावाला कळायचं, आता कोणाची तरी खैर नाही. कारखान्यात आजही कोणी सहीशिवाय माल मागितला की माझी दोन बोटं डाव्या खांद्याकडे जातात. तिथली पोरं मागून ‘राणीसाहेब’ म्हणतात. म्हणू देत.

पण शास्त्रातली खरी गोम वेगळी होती, आणि ती मला आणि मंदालाच ठाऊक. ब्रोच काहीही धरून ठेवत नाही. तो फक्त दिसतो. पदर धरते ती आतली सेफ्टी पिन — ब्लाउजच्या आतून वर आणून पदराच्या निऱ्यांत अडकवलेली, बाहेरून न दिसणारी. माझ्या पहिल्याच वर्षी ती नव्हती. शेवटच्या अंकात तिसरा ब्रोच काढला आणि पदर पायाशी. काय झालं असेल? टाळ्या, शिट्ट्या! मी पदर खांद्यावर फेकला, राजाला डोळा मारला आणि टाळी घेऊन आत गेलो. माझं काय जाणार होतं? बनियनवाला पुरुष मी.

हे लक्षात ठेवा. पदर सुटला की काय होतं ते मला माहीत होतं. माझा सुटला तर काय आणि बाईचा सुटला तर काय, हेही माहीत होतं.

तर — अठरा वर्षं गेली. मग दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम कडक झाला आणि नाटक संध्याकाळी पाचाला आलं. चैत्रातले पाच म्हणजे लख्ख ऊन. त्या उन्हात राणीची निळी दाढी पार शेवटच्या रांगेतून दिसायला लागली. मंडळाच्या पोरांनी बैठक घेतली. फार अदबीने बोलले. आता बाईचं काम बाईनेच करावं, असं ठरलं. आणि अख्ख्या गावात त्या राणीचा शब्दन्‌शब्द पाठ असलेली बाई एकच होती. अठरा वर्षं माझं नऊवारी धुणारी, इस्त्री करणारी, स्वयंपाकघरातून मला राजाचे संवाद देणारी.

मी काय केलं? मी टाळ्या वाजवल्या. बैठकीत सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने. लोक म्हणाले, नवरा असावा तर असा. पण मला आतून जे झालं ते सांगायला मला आज अकरा वर्षांनीही शब्द जुळवावे लागतात — मला माझ्याच बायकोचा हेवा वाटला. साधा नाही. ती भाकरी थापताना संवाद म्हणायची आणि मी परातीकडे बघत मनात म्हणायचो, विसर. विसर की एकदा.

ती विसरली नाही. उलट तालमीत तिने माझं शास्त्र मोडलं. म्हणाली, मोर वर नको. सगळ्यात खाली लावा, पदराच्या घडीत, अर्धा झाकलेला. मी म्हटलं, अगं, दिसणार कसा? ती म्हणाली, “राणी आपल्या आईची वस्तू चारचौघांत मिरवंल कशाला? जाताना काढंल, तवा दिसंल.”

अठरा वर्षं ती राणी मी केली, आणि हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आणि दोन बोटं? तिने ती उचललीच नाहीत. हुकमाच्या जागी नुसती थांबायची आणि बघायची. मी सांगून पाहिलं. हो म्हणाली आणि तिला करायचं तेच केलं.

जत्रेचा दिवस. रंगपट म्हणजे शाळेचा एक वर्ग, फळ्यावर पाढे तसेच. तिचे ब्रोच मीच लावले, कारण ते माझ्याइतके कोणाला येत नव्हते, आणि कारण मला दुसऱ्या कोणाचा हात त्यांना लागलेला चालला नसता. पहिल्या अंकाला आतली पिन मी नीट लावली. देवाशपथ. मग विंगेत उभा राहिलो, पहिल्या रांगेपासून दोन हातांवर.

मंदा बाहेर आली. हिरवं नऊवारी, अंगावर उतरतं ऊन. ढोलकी वाजत होती. ती राजापर्यंत गेली, थांबली, आणि नुसती बघत राहिली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून जनीआजी काहीतरी ओरडली. जनीआजी म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई, कानाने कमी, त्यामुळे आवाजाने जास्त. अठरा वर्षं माझा प्रवेश झाला की कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढणारी, शेवटच्या अंकाला डोळ्याला पदर लावणारी. माझी पहिली प्रेक्षक तीच. ती काय ओरडली? सांगतो. मला जरा वेळ द्या.

पुढच्या रांगांतून हसण्याची एक लाट गेली, मग टाळ्या आल्या. मंदाला वाटलं, तिच्या थांबण्याला टाळ्या आहेत. तशा त्या होत्याही.

मी आत वर्गात जाऊन बाकावर बसलो. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

शेवटच्या अंकाआधी साडी बदलायची असते — हिरवी काढून पांढरी. बायकांनी तिला साडी नेसवली आणि ब्रोच लावायला मला आत बोलावलं. तिने खांदा पुढे केला. तारा लावला. चकती लावली. मोर लावला, घडीत, अर्धा झाकलेला, तिला हवा तसा. आतली पिन माझ्या शर्टाच्या खिशाला लटकावलेली होती. मला ती टोचत होती. विसरलो म्हणू? आजवर स्वतःला तेच सांगत आलो. पण विसरलेल्या माणसाला पिन टोचत नाही.

“लावली?” तिने विचारलं.

“लावली,” मी म्हटलं.

बस. एवढंच. एक शब्द.

पहिला ब्रोच तिने ताटात ठेवला तेव्हा कोणी खोकलंही नाही. दुसरा ठेवला. मोराला हात घातला, आईचा मोर घडीतून बाहेर आला, दोन खडे गेलेला पिसारा उन्हात चमकला, आणि समोरच्या बायकांनी हुंदका आवरला — मी पाहिलं, मी विंगेतून सगळं पाहत होतो — आणि पदर सुटला. सरळ पायाशी.

टाळ्या नाही झाल्या. मागून दोन शिट्ट्या आल्या, त्या कोणीतरी दरडावून थांबवल्या, आणि मग जी शांतता झाली ती शिट्ट्यांपेक्षा वाईट होती. सासरचं गाव समोर, दीर समोर, शाळेतली मुलं समोर. तिने दोन्ही हात छातीशी धरले. मोर खाली पडला. ती मला शोधत होती. विंगेकडे बघत होती. मी एक श्वासभर — नाही, एकापेक्षा जास्त — जागचा हललो नाही. मग धावलो. हो, धावलो, टॉवेल घेऊन. खांद्यावर घातला, आत आणलं. पडदा पडला. लोक पुन्हा म्हणाले, नवरा असावा तर असा.

आणि मग मी खिशाची पिन काढली, वर्गाच्या दाराच्या कडीत अडकवून मोडली, आणि बाहेर येऊन सगळ्यांना दाखवली. ही बघा, ऐन वेळी तुटली. मंदाने तो तुकडा हातात घेऊन बघितला. म्हणाली, पिनेचा काय दोष, माझाच खांदा उतरता हाय.

गावाने त्यानंतर तिच्यासमोर त्या नाटकाचा विषय काढला नाही. दयेपोटी. सगळंच पुरून टाकलं — पडलेला पदर आणि त्याआधीचं जे काही होतं तेही. फक्त तिनेच एकदा विचारलं. त्याच रात्री, जेवताना, ताटाकडे बघत. “अवो, पहिल्या अंकाला जनीआजी काय वरडली वो? मला ढोलकीत कळलंच नाय.” कोणीतरी काहीतरी चांगलं म्हटलं असेल का, एवढंच तिला जाणायचं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी म्हटलं, पाणी मागत होती.

जनीआजी त्याच पावसाळ्यात गेली.

मंदा पुन्हा कधी नाटकात उभी राहिली नाही. ब्रोच बिस्किटाच्या डब्यात आहेत. गावात कुठेही नवरी सजत असली की तिला बोलावतात, आणि ती प्रत्येकीच्या पदराला आतून दोन पिना लावते. “दोन लाव गं, एकीचा भरवसा नाय.” मी हे अकरा वर्षं ऐकतोय. दर वेळी चहाचा कप हातात असतो, आणि मी चहा पितो.

या चैत्राच्या आधी मंडळाची पोरं पुन्हा आली. काकी, एवढ्या वर्षी तुमीच करा. मी लसूण सोलत बसलो होतो. ती हसली आणि म्हणाली, “नको रं पोरांनो, माझ्या खांद्यावर पदर टिकत नाय.” त्यांनी आग्रह केला, ती नाही म्हणाली, ते चहा पिऊन गेले. मी सोललेली लसूण पुन्हा सोलत होतो.

हे लिहून झालं की कागद तिच्यापुढे ठेवणार आहे. ती वाचेल, हळू वाचेल, चष्मा लावून. मोर तिचा होता, पदर तिचा होता, आणि अकरा वर्षं मी माझ्याकडे दडवून ठेवलेली ही एक गोष्टही तिचीच आहे. जनीआजीने पाणी मागितलं नव्हतं. ती बसल्या जागेवरून उठून उभी राहिली होती, दोन्ही हात डोक्यावर ठेवून, आणि ढोलकीच्या वरताण आवाजात ओरडली होती —

“अगं बाय, राणी तर आज आली! इतकी वरसं नुसता बाप्याच नाचत व्हता!”