फुटबॉल गाडीचे फोटो

ती मुलगी नाशिकरोडला माझ्या घरी आली तेव्हा मी नुकताच शाळेतून येऊन चहा घेत होतो. तिनं वडिलांचं नाव सांगितलं, पण मला काही उमगेना, कारण त्या माणसाला मी नावानं कधी हाक मारली नव्हती. "इगतपुरीचे गँगमन, फुटबॉल गाडीला यायचे," असं ती म्हणाली आणि चेहरा डोळ्यांपुढे आला. आदल्या वर्षी रुळावर काम करता करता छातीत कळ येऊन ते गेले होते. मला पत्ताही नव्हता.

"पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे," ती म्हणाली. "भिंतीवर लावायला फोटो नाही. ओळखपत्रावरचा आहे, पण त्यात गालावर शिक्का आलाय. लग्नातले होते ते क्वार्टर गळायचं त्यात एकमेकांना चिकटून गेले. पप्पा म्हणायचे, फुटबॉल गाडीचे सगळे फोटो सरांकडे आहेत. आम्ही आता घोटीला राहतो. आई म्हणाली, त्यात असतील."

"असतील की," मी म्हणालो. "रविवारी मीच घेऊन येतो घोटीला." बोललो खरा, पण ती फाटकाबाहेर पडायच्या आतच मला माझा जुना नियम आठवला.

आता ही फुटबॉल गाडी काय ते सांगायला हवं. एरवी आमच्याकडे सगळा बोलबाला क्रिकेटचा, पण इगतपुरी आणि मनमाडच्या रेल्वे कॉलन्यांना फुटबॉलचं वेड होतं. नव्वदीतली पाच-सहा वर्षं थंडीच्या दिवसांत मनमाडला दोन्हीकडच्या संघांचा सामना व्हायचा, आणि इगतपुरीकरांना तिकडे नेऊन आणायला सहा डब्यांची खास गाडी सुटायची. वेळापत्रकात तिचं नाव नव्हतं, म्हणून लोकांनीच तिचं बारसं केलं.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मनमाडला लोक मैदानात शिरले की मी यार्डाच्या बाजूला पुलावर जाऊन बसायचो. मी जायचो ते गाडीसाठी. वर्षातून एकदाच धावणारी गाडी, तिचा फोटो काढायचा नाही तर कशाचा? आमची सौ. म्हणायची, "लोक देवदर्शनाला जातात, आमचे हे इंजिनदर्शनाला." फोटोच्या परवानगीचा कागद वरच्या खिशात, सेकंडहँड कॅमेरा गळ्यात, आणि पहाटेच्या पॅसेंजरनं इगतपुरी गाठायची. तिथून मग फुटबॉल गाडीत.

माझा एक नियम होता. फोटोत माणूस नको. इंजिन, डबे, रूळ, सिग्नल, बास. फोटोत कुणाचं डोकं आलं की खिरीत खडा लागल्यासारखं व्हायचं. आणि ही गाडी तर माणसांनी खच्चून भरलेली. लासलगावला तिला हमखास बाजूच्या लाइनीवर काढायचे, मागच्या एक्सप्रेस पुढे जाईपर्यंत. ऊन बरोबर डब्यांवर पडलेलं असायचं, म्हणजे फोटोला याहून चांगली जागा नाही. पण अख्खी गाडी खाली उतरलेली. कुणी चहा पितोय, कुणी ढोल बडवतोय, कुणी पलीकडच्या कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्यांशी गप्पा मारतोय. पहिल्या वर्षी मी वर्गात ओरडतो तसा ओरडलो. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. रोलचे निम्मे फोटो वाया गेले आणि मी डोक्यात राख घालून घरी आलो.

दुसऱ्या वर्षी हे गृहस्थ पुढे आले. चाळिशीचे, काटक, सुटीच्या दिवशीही अंगात कामाचा निळा शर्ट. "सर, तुम्हाला कुठून कुठवर मोकळं पायजे ते बोटानं दावा. मान्सं मी हटवतो." ते माझ्या डावीकडे उभे राहिले, शिट्टी फुंकली आणि गुंडाळलेली हिरवी झेंडी हवेत फिरवली. लाल झेंडी उगाच दाखवायची नसते, एवढं पथ्य ते पाळायचे. "चला मंडळी, बाजूला व्हा. सरांचा रोल लय महाग हाय, तुमच्या थोबाडावर खर्चायचा नाय." लोक हसत हसत बाजूला झाले. मला पाच मिनिटं ओरडून जमलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात केलं.

पुढे दर वर्षी हेच. मी उतरलो की ते आपोआप डावीकडे हजर. एका वर्षी, सगळं आटोपल्यावर, त्यांनी जरा लाजत विचारलं, "सर, एखादा माझा काढता का? इंजिनापाशी." रोलमध्ये तीनच फोटो उरले होते आणि ते मला मनमाडच्या यार्डासाठी हवे होते. "परतताना काढू," मी म्हणालो. परतताना अंधार पडला होता. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, विसरले. असा मी.

त्या आठवड्यात मी सगळे अल्बम उपसले. निगेटिव्ह दिव्यापुढे धरून एक एक पाहिली. निदान पाठमोरे असतील, कोपर असेल, झेंडीचं टोक असेल. काही नव्हतं. माझे फोटो फार स्वच्छ होते, आणि ते ज्यानं स्वच्छ केले तो प्रत्येक वेळी चौकटीबाहेर होता. मला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

रविवारी घोटीला गेलो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. मुलीनं चहा ठेवला, तिची आई समोर सतरंजीवर बसली. मी अल्बम आणले होते, शिवाय माणसं आलेल्या नापास फोटोंचं पाकीटही. मी शोधलंच नाही असं त्यांना वाटू नये म्हणून. "यात ते नाहीत," मी सरळ सांगून टाकलं. "एकाही फोटोत नाहीत. ते माझ्या शेजारी उभे असायचे."

बाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी अल्बम ओढला. पहिल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं ते कुठं व्हते?" मी फोटोच्या डाव्या कडेबाहेर, सतरंजीवर बोट टेकवलं. पुढचं पान. "आन् हितं?" तिथंच. त्यांनी सगळे फोटो असे विचारून घेतले आणि मी प्रत्येक वेळी सतरंजी दाखवत राहिलो.

मग त्यांनी पाकीट उघडलं. त्यातला एक फोटो बराच वेळ हातात धरला. लासलगावचाच. लोक बाजूला व्हायच्या क्षणभर आधी मी बटण दाबलं होतं, म्हणून बाद. डब्याच्या खिडक्यांत चेहरेच चेहरे, दारात लोंबकळणारी पोरं, आणि त्यातला एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. सगळे जरा बाजूला बघून तोंड भरून हसत होते.

"ही मान्सं कोनाला हसत्यात?"

"त्यांना," मी म्हणालो. "काहीतरी बोलले होते ते."

"काय बोलले व्हते?"

त्या वर्षीचं मला आठवेना. तसं सांगितलं.

"ह्योच द्या," त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "आई, अगं यात पप्पा नाहीत." बाईंनी तळहातानं फोटो पुसला आणि मांडीवर उपडा ठेवला.

मी तो मोठा करून, चौकट घालून दिला. वर्षश्राद्धाला गेलो तर इगतपुरीची बरीच मंडळी आली होती. खिडकीतली चार-पाच माणसंही त्यांत होती, फोटोतले आपापले चेहरे एकमेकांना दाखवत होती. फोटो पाटावर ठेवला होता, पण त्याला हार नव्हता. जित्या माणसांच्या फोटोला हार कसा घालायचा? म्हणून बाईंनी शेवंतीचा हार फोटोच्या डावीकडे, मोकळ्या पाटावर गोल मांडला होता. येणारा प्रत्येक जण त्या मोकळ्या जागेला नमस्कार करत होता. माझी पाळी आली तेव्हा मीही वाकलो.