कुरोसे घराण्याचं मुंडकं

कुरोसे घराणं लहान. जपानातल्या त्या संस्थानात त्याची ओळख एका मुंडक्यापुरती. मूळपुरुषाने ते लढाईत शत्रूचं कापून आणलं. त्याचे दात काळे होते, आणि दात काळे करायचे ते बडे सरदार. म्हणून घराण्याला कायमचा तांदूळ नेमून मिळाला. दर हिवाळ्यात किल्ल्यावर सरकारांपुढे ही हकिगत सांगणं हे घरच्या कर्त्याचं काम. आताचा कर्ता इहेई ते मन लावून करी. उरलेलं वर्ष तो छत्र्यांना कागद चिकटवी; त्याची हकिगत कोणी विचारत नसे.

यंदा निघायच्या सकाळी त्याची बायको ओसेन आरशापुढे बसून, लग्न झालेल्या बायकांच्या रीतीप्रमाणे, गंजल्या खिळ्यांच्या आंबट पाण्याने आपले दात काळे करत होती. इहेईची उजळणी सरदाराच्या दातांपाशी आली, तशी ती हसली.

"अहो, ते आपल्याच घरच्या बाईने काळे केलेत. मुंडकी धुवायचं काम बायकांकडे असायचं ना. पुरुषच हळूच सांगून जायचे, जरा कुंचला फिरव म्हणून."

"मग तो होता कोण?"

"घोड्यांना चारा घालणारा म्हातारा. चारच दात होते, काम लवकर उरकलं म्हणे. सासूबाईंनी सांगितलं मला."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"तुम्ही इतकं छान सांगायचात."

इहेईचे कान तापले. किल्ल्याची चढण चढताना त्याने ठरवलं, तांदूळ गेला तरी चालेल, पण जाणूनबुजून सरकारांपुढे खोटं बोलायचं नाही.

दरबारात आधी इतर घराण्यांच्या हकिगती झाल्या. प्रत्येकाच्या मुंडक्याचे दात काळे होते. त्या लढाईत शत्रूकडे साधा शिपाई एकही नसावा, हे इहेईच्या आजच लक्षात आलं. शेजारी बसलेल्या, नाकाने घराण्याच्या कर्त्याच्या कानात त्याने आपला बेत सांगितला.

नाकानेंनी मान वळवली नाही. "सांगा की. मग आमच्याही मुंडक्याची चौकशी होईल. माझ्या घरात खाणारी तोंडं किती, ठाऊक आहे ना?"

इहेई गुडघ्यांवर पुढे सरकला. डोळ्यांपुढे गवताचा भारा घेतलेला म्हातारा उभा होता. तोंडाला मात्र शब्द पाठ होते. सरदार गरजला, भाला तळपला, काळे दात चमकले. शेवटी इहेईचा आवाज दाटला.

सरकार खूश झाले. पूर्वजांचा अभिमान असा गळ्यात दाटून यावा लागतो, इतरांनी शिकावं, असं म्हणाले. सगळ्यांनी वाकून कपाळ चटईला टेकवलं आणि उचललं. इहेईने उचललं नाही. तोंड लपवायला तेवढीच जागा होती. दरबाराने ती त्याची नम्रता समजली.