कानांनी तपासलेले गणित

शुश्रूषा या शब्दाचा अर्थ आपण आज सेवा असा करतो. पण त्याचा मूळ धात्वर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ हा आहे. मन लावून ऐकले की सेवा आपोआप घडते, असा पूर्वसूरींचा आशय असावा. ऐकणे वरवर सोपे भासते. समोरचा बोलू लागला की आपण मनात उत्तराची जुळवाजुळव करू लागतो, आणि कान बिचारे उंबरठ्यावरच ताटकळतात. आपल्याला ठाऊक असलेले सारे बाजूला सारून, दुसऱ्याच्या जागी बसून ऐकणे ही तपश्चर्याच होय. ती जिने केली, अशा एका गणिताच्या शिक्षिकेचे हे स्मरण.

सारी शाळा त्यांना कानमावशी म्हणे. वास्तविक त्या एकाच मुलीच्या मावशी; पण ती मुलगी आमच्याच शाळेत शिकायला आली आणि बघता बघता सगळ्या पोरांनी ते नाते वाटून घेतले. ‘कान’ हे उपपद मागाहून लागले. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत त्या भिंतीकडे तोंड करून बसत, हेडफोन लावीत, डोळे घट्ट मिटीत आणि संगणक वाचून दाखवील ते ऐकत राहत. दारातून कोणी हाक मारली तर नुसता हात वर होई. मुले एकमेकांना बजावीत, “समाधी लागलीय, शाप नको असेल तर पळा.”

ही समाधी लागली ती भाचीपायी. पोरगी बुद्धीने तल्लख, जिभेने त्याहून. वडील सुतार. जिन्याला किती पायऱ्या बसतील, प्रत्येकीची उंची किती ठेवावी, हे ती तोंडी सांगे, आणि वडीलही करवत हाती धरण्याआधी तिला विचारून घेत. परंतु छापील पान समोर आले की अक्षरे जागची हलत, ओळी एकमेकींत मिसळत. घाताचा अंक वर आहे की शेजारी, छेदाची रेघ कोठे संपते, हे डोळ्यांना गवसतच नसे. हा आळस नव्हे, दृष्टीचा दोषही नव्हे. काही मुलांच्या वाट्याला वाचनाची वाटच अशी निसरडी येते. वर्गाने तिचे नाव ‘गोगलगाय’ ठेवले होते. तिला मात्र पूल बांधायचे होते. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितले होते, की सत्राअखेरची लेखी परीक्षा जमली नाही तर पुढील वर्षी तिला गणिताविना अभ्यासक्रम घ्यावा लागेल. गणित नाही तर पूल नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

शाळेत तेव्हा नुकताच वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आला होता. बोलला जाणारा शब्द पडद्यावर उजळे, ओळींतले अंतर वाढवता येई. धडे, गोष्टी मुलगी भराभर ऐकू लागली. गणिताच्या पुस्तकात मात्र सूत्रे चित्रांच्या रूपाने छापलेली होती. वाटेतले डबके ओलांडावे तसा तो यंत्रातला आवाज ती सूत्रे ओलांडून पुढे जाई. “पुढील समीकरण सोडवा,” म्हणे, आणि गप्प. मावशींनी कंबर कसली. पुस्तकातले प्रत्येक समीकरण त्यांनी यंत्राला वाचता येईल अशा रीतीने नव्याने टंकले, आणि टंकलेले डोळे मिटून स्वतः ऐकून तपासले. एकही कंस, एकही चिन्ह सुटू दिले नाही.

मुख्याध्यापकांना वेगळीच शंका होती. वाचणारही यंत्र आणि सोडवणारही यंत्र, मग मुलीने करायचे काय, असे त्यांनी विचारले. मावशी म्हणाल्या, “सर, ते यंत्र गणितात अगदी ढ आहे हो. वाचण्यापलीकडे त्याला काही येत नाही, आणि तेसुद्धा मीच शिकवलंय.”

परीक्षेत ते यंत्र वापरण्याची परवानगी मिळाली. सरावाच्या पहिल्याच दिवशी भाचीने एकही गणित पुरे केले नाही. मावशींनी दोनदा समजावले, तिसऱ्यांदा आवाज चढला. तेव्हा तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“मावशी, मी घर कुठंय विचारते, आणि तू विटा मोजून दाखवतेस. शेवटच्या विटेपर्यंत पोचते तोवर पहिली कुठं गेली तेच आठवत नाही.”

दुसरी एखादी असती तर उद्धटपणाबद्दल तिने कान उपटले असते. मावशी मधल्या सुटीत भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडे गेल्या आणि मी कधी न पाहिलेले एखादे लांबलचक सूत्र टंकून द्या, म्हणाल्या. मग नेहमीसारखे डोळे मिटून ऐकू लागल्या. कंस सुरू, कंस संपला, पुन्हा कंस सुरू. अर्ध्यावरच त्यांची वाट चुकली. आपली चूक त्यांना त्या क्षणी उमगली. आजवर तपासताना डोळे मिटलेले असत खरे, पण पाने त्यांनीच टंकलेली, सूत्रे आयुष्यभर शिकवलेली. कान ऐकत होते आणि स्मरण गुपचूप वाचून देत होते. जे आधीच ठाऊक आहे ते ऐकून तपासता येत नाही.

श्लोकाचा अन्वय लावताना आम्ही संस्कृत शिकवणारे आधी क्रियापद शोधतो, मग कर्ता, मग विशेषणांचा गोतावळा. मावशींनी स्वतःच्या विचाराने तीच वाट धरली. सारे काम मोडून पुन्हा रचले. आता आवाज प्रथम आकार सांगे: डावीकडे एक अपूर्णांक, उजवीकडे एक संख्या. मग बाणाची कळ दाबत आत शिरावे. अंशात काय, छेदात काय, हवे तेवढेच ऐकावे आणि बाहेर यावे. आणि एक नियम घातला: ज्याने पान टंकले त्याने ते तपासायचे नाही, ज्याने ते पाहिलेलेच नाही अशानेच ऐकायचे. भौतिकशास्त्राचे शिक्षक, ग्रंथपाल, एकदा तर शाळेचा शिपाईही भिंतीकडे तोंड करून बसला.

परीक्षेचा पेपर भाचीने मुदतीत सोडवला. उत्तरपत्रिका मुख्याध्यापकांनी स्वतः तपासली, आणि मावशींना बोलावून गंभीरपणे एका गणितावर बोट ठेवले. पद पलीकडे नेताना वजाचे चिन्ह बदलायचे राहून गेले होते.

मावशींनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. “सर, ही चूक गणितातली आहे. वाचनातली नाही. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी हीच केली असेल.”

मुख्याध्यापकांनी गठ्ठा चाळला. खरोखरच तसे होते. त्यांनी भाचीचे नाव गणिताच्या तुकडीत लिहिले आणि सही केली. त्या दिवशी मावशी शिक्षकांच्या खोलीत आल्या, ती एक चूक आम्हा प्रत्येकाला दाखवली, आणि एखाद्या आईने लेकराचे पहिले पाऊल दाखवावे तशा अभिमानाने म्हणाल्या, “बघा, चारचौघांसारखी चुकलीय माझी पोरगी.”

पुढे निवृत्तीपर्यंत त्या त्याच खोलीत बसल्या. इतर इयत्तांची पुस्तके झाली, रसायनशास्त्राची सूत्रे झाली; दुसऱ्या शाळांतले शिक्षक ती रीत शिकून गेले. भाची स्थापत्य अभियंता झाली. वाचायला ती आजही हेडफोन लावते, आणि ते कोणापासून लपवीत नाही.

मावशी आता नाहीत. त्यांनी तयार केलेली पुस्तके शाळेत आहेत, मुले ती ऐकून गणिते सोडवतात, आणि नवे पान अजूनही ते न पाहिलेल्या माणसानेच तपासायचे असते.