वेशीचा मान

माझ्या वडिलांनी मला एका देखाव्याला दिलं. ते भूमजवळच्या कोरड्या, सपाट रानातले. कुठल्याशा लग्नाला जाताना त्यांनी बैलगाडीतून डोंगरावरचं ते गाव पाहिलं. काळ्या दगडाची वेस, दोन बुरूज आणि पायथ्याशी क्षितिजापर्यंत पसरलेलं तळं. घरी येऊन आईला म्हणाले, "पोरीला पाण्याचा तोटा न्हाय बघ तिथं." पाणी खाली आहे आणि घरं वर आहेत, एवढं दिसायला माणूस बाई असावा लागतो. त्याच वैशाखात माझं लग्न झालं.

गावातले पुरुष त्या तळ्याला समुद्र म्हणत. संध्याकाळी वेशीच्या ओट्यावर बसून, पान चघळत, खालच्या पाण्याकडं बघत. "असा समिंदर लांबलांबपर्यंत न्हाय," असं एकजण म्हणे आणि बाकीचे माना डोलावत. समुद्र त्यांच्यातल्या एकानंही पाहिला नव्हता. बहुतेकांची धाव येडशीच्या स्टेशनापर्यंत. पुढं म्हातारपणी मुलानं मला खरा समुद्र दाखवला, तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की इथलं पाणी खारट आहे ते बरं आहे. निदान कुणी ते बायकांच्या डोक्यावर देत नाही.

गावाला इतिहास होता. नुसता होता नव्हे, उतू जात होता. कुण्या राजानं तळं बांधलं, वेस उभारली आणि गाव वसवलं. कोणत्या राजानं, ते सांगणाऱ्याच्या लहरीवर. माझे सासरे गावचे पाटील. ते सकाळी यादवांचं नाव घेत आणि जेवण झालं की बहामनींचं. पण एका गोष्टीवर साऱ्या गावाचं एकमत होतं. राजानं गावाला जकात माफ केली, म्हणून लादलेलं जनावर वेशीतून आत येऊ द्यायचं नाही. हा वेशीचा मान. जकातच माफ झाली तर जनावर कशाला अडवायचं, असं मी एकदा नवऱ्याला विचारलं. "तुला इतिहासातलं काय कळतंय?" म्हणाले. त्यांना तरी काय कळत होतं, देव जाणे.

मान पुरुषांचा आणि मान मोडायची आमची. धान्याच्या गाड्या पायथ्याला थांबत, गडी पोती वर आणत; ते वर्षातून एकदा. पाणी रोज. वरची बारव थंडी सरायच्या आत तळाला जायची. मग सगळ्या लेकीसुना पहाटेपासून तळ्यापासून वेशीपर्यंतच्या दगडी पायऱ्यांवर, डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. पायऱ्या शेकडो वर्षं झिजून गुळगुळीत झालेल्या. बाहेरून आलेला पाहुणा त्यांवरून हात फिरवून म्हणायचा, "काय काम आहे!" आम्हीही तेच म्हणायचो, पण वेगळ्या सुरात.

माझ्या थोरल्या जावेची दोन बाळंतपणं त्या पायऱ्यांनी खाल्ली. दोन्ही वेळा दिवस भरायच्या आत, भरली घागर डोक्यावर असताना कळा आल्या. दुसऱ्या वेळी मी तिच्या मागंच होते. घागर फुटली आणि ती खाली बसली, आणि वरून कुणीतरी ओरडलं, "घागर फुटली का?" ते शब्द मी अजून विसरले नाही. सगळे म्हणाले, तिचं नशीब. मग एका उन्हाळ्यात ती तिसऱ्यांदा पोटुशी होती, पाचवा महिना होता आणि पाणी भरतच होती.

त्याच उन्हाळ्यात हैदराबादेहून जुन्या इमारती पाहणारा एक साहेब आला. निजामाचं राज्य होतं. साहेब येणार म्हटल्यावर सासऱ्यांनी नवा फेटा काढला. साहेबाला गाव फार आवडलं. बुरुजावर उभा राहून तळ्याकडं पाहत म्हणाला, "वाह पाटील, क्या जगह है!" आणि जागा एवढी आवडली की चार दिवस मुक्कामच ठोकला. त्याला दोन वेळा अंघोळ लागायची.

आता साहेबाच्या अंघोळीचं पाणी कोण आणणार? घरच्या सुनांनी परक्या पुरुषासाठी पाणी भरायचं म्हणजे इज्जतीला बट्टा. गड्यांनी एक खेप केली आणि कमरेला हात लावून बसले. शेवटी पायथ्याच्या कुंभाराची गाढवं बोलावली. दोन्ही अंगांना पाण्याचे डबे लादून ती गाढवं पायऱ्या चढली, मान हलवत वेशीतून आत आली, आणि सासरे बाजूला उभे राहून त्यांना वाट करून देत होते. आम्ही सगळ्या पदराआडून बघत होतो. सासूबाईही बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर पाणी भरलं होतं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

साहेब गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वतः खाली उतरल्या आणि तीच गाढवं भरून वर घेऊन आल्या. वेशीत सासरे आडवे झाले. "अगं, मानाची येस हाय ही!"

"काल सायबाचं पाणी हितनंच गेलं की. मान तवा झोपला हुता व्हय?"

"ते सरकारी काम हुतं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "गाढवं जाऊ द्या माघारी. पर मंग ही घागर तुमी घ्या." आणि ओट्यावरच्या साऱ्या गावासमोर त्यांनी पाण्याला निघालेल्या माझ्या हातातली रिकामी घागर घेऊन सासऱ्यांपुढं धरली. कुणी हसलं नाही. सासरे फेटा सावरत बाजूला झाले. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या दिवसापासून जाऊ पायऱ्या उतरली नाही. भादव्यात तिला मुलगी झाली, दिवस पूर्ण भरून, चांगली रडकी.

पुढं दोनेक वर्षांत निजाम गेला, नवे साहेब आले, गाव तेच बघायला. सासऱ्यांचा इतिहास तोवर वाढला होता. वेशीपाशी उभे राहून ते पाहुण्यांना सांगत, की राजाला आयाबायांची फार कणव; लेकीसुनांना त्रास नको म्हणून त्यानं फर्मान काढलं, या गावचं पाणी गाढवावरूनच येईल. असा मान दुसऱ्या कुठल्या गावाला नाही. पाहुणे माना डोलावत. मी आणि जाऊ वेशीलगतच्या आमच्या अंगणात होतो, सगळं ऐकू येत होतं. तिनं पोरीला कडेवर घेतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषांसमोर वेशीत जाऊन उभी राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, "त्या राजाला इचारा, माजी पयली दोन कुठं हायती."