सूपभर भुसा

ज्ञानेशचं आयुष्य खोट हुडकण्यात गेलेलं. चाकणच्या एका कारखान्यात बावीस वर्षं तो गिअरचे दाते भिंगाखाली धरून केसाएवढा तडा शोधायचा. नजरच तशी झाली होती. भाताच्या ताटातही त्याला आधी खडा दिसायचा. गुरुवारच्या सुट्टीला मात्र तो जुना कॅमेरा गळ्यात अडकवून रानात यायचा. समोरच्या डोंगरावरून रंगीत कापडी पंखांची ग्लायडरं उडायची आणि त्याच्याच मोकळ्या वावरात उतरायची.

"वर उडतंय ते कुणीबी काढंल," तो म्हणायचा, "भुईला पाय टेकताना माणसाचं तोंड बघा. तिथं नाटक न्हाई."

त्या गुरुवारी ताथवड्याची पूनम उडणार होती. एकटीनं उडायची तिची तिसरीच खेप. वावराच्या कडेला ज्ञानेशची आई, तानाबाई, घरापुरता हरभरा उफणत होती. मळणीयंत्र दारात येऊन गेलं तरी घरच्या दाण्याला सूपच पाहिजे, हा तिचा हेका. भुशाचा धुरळा नेमका फोटोच्या आड येत होता.

"आई, थांब की जरा. सगळी घाण येतीय फोटोत."

"घाण? ह्यातलंच खाऊन वाढलास की, राजा."

बोलली, पण थांबली. भरलेलं सूप मांडीवर घेऊन बसली.

आभाळ आता पुसून काढल्यागत झालं. पूनमचं पिवळं ग्लायडर घिरट्या घेत खाली येऊ लागलं. ज्ञानेशनं कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि सकाळपासून पाठीवर असलेलं वारं त्याच्या तोंडावर आलं.

वारं फिरलं होतं! उतरताना तोंड वाऱ्याकडं पाहिजे, तरच वेग मरतो. वारं पाठीशी घेतलं की ग्लायडर माणसाला फरफटत नेतं. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून काठीला बांधलेली पट्टी काठीलाच गुंडाळून बसलेली. पूनम पाठीवर वारं घेऊन येत होती आणि ज्ञानेशच्या मागं विहीर होती. पोरगी अजून मोबाइल टॉवरपेक्षाही उंच. हाक पोचायची नाही.

"आई! वत भुसा! वत!"

कशाला, का, तिनं विचारलं नाही. उठली, सूप डोक्याच्या वर धरून झटकलं. भुशाची लांबलचक शेपटी विहिरीकडं पळाली. दुसरं सूप. तिसरं.

वर पूनमनं एका बाजूची दोरी खेचली. ग्लायडर मोठा वळसा घेऊन वाऱ्याला सामोरं झालं, आणि हरभऱ्याच्या ढिगापासून दहा पावलांवर ती आपल्या दोन पायांवर उतरली. पट्टे सोडले नि थेट तानाबाईच्या पायाशी.

"आजी, तुमचा भुसा दिसला म्हणून..."

"माझ्या कशाला पडती गं? वाऱ्याच्या पड. त्यानंच दावलं." म्हातारीनं तिच्या केसांतलं काड काढलं. "आन ह्याला सांग. घाण म्हणत व्हता!"

ज्ञानेशनं आईचे भुसकटलेले हात आपल्या हातात धरले.

घाईत बटण एकदाच दाबलं गेलं होतं. फोटोत पूनमचे टेकलेले पाय, बाकी सगळा भुसा. तोच त्यानं चौकट करून लावलाय. कंपनीतले दोस्त विचारतात, "राव, भिंग पुसत न्हाई व्हय?"

आता दर गुरुवारी तो आधी मूठभर भुसा हवेत सोडतो. तो कुठं जातो ते दिसेपर्यंत कॅमेऱ्याचं झाकण उघडत नाही.